बादलीवरची फुलं

मित्रांनो, तुमच्या घरी पत्र्याची जुनी बादली आहे का? प्लॅस्टिकची नव्हे, राखाडी रंगाची, कडी वाजणारी, पत्र्याची. असेल तर तिला उन्हात आणा आणि डोळे अगदी जवळ नेऊन बघा. तिच्या अंगावर फुलं दिसतील. काही बोराएवढी, काही तळहाताएवढी. काही पिसासारखी, काही तडकलेल्या काचेसारखी. बादली जराशी फिरवली की मघाशी चमकत होतं ते फूल काळवंडतं आणि शेजारचं चमकायला लागतं.

आमच्या घरी अशी एक बादली होती. आमचं गाव नाकाडोंगरी. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. एकीकडे धानाच्या बांध्या आणि दुसरीकडे मँगनीजच्या खाणी. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, तर चिखल्याची जमिनीच्या पोटात. माझे बाबा चिखल्याला कामाला होते. आई त्यांचे खाणीतले कपडे त्या बादलीत भिजवायची आणि पाणी शाईसारखं काळं व्हायचं. पाणी ओतून दिलं की आतली फुलं पुन्हा वर यायची. मी आईला विचारायचो, "ही फुलं कोणी काढली?" आई म्हणायची, "कारखान्यात काढत असतील."

बाबांनाही मी असेच प्रश्न विचारत असे. "बाबा, तुम्ही काढता तो दगड कुठं जाते?" बाबा म्हणायचे, "गाडीत भरते, गाडी जाते. पुढं कुठं जाते ते आपल्याले काय माहीत?" आमच्याकडून तुमसर रोड-तिरोडी ही रेल्वेची फाट्याची लाइन जाते. काळ्या दगडाने भरलेल्या वाघिणी आम्ही कितीदा मोजल्या असतील, पण तो दगड कुणाच्या काय कामाचा, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते गमतीचं नाही. आणि आधीच बजावून ठेवतो, आम्ही जे केलं ते तुमच्यापैकी कोणीही करायचं नाही.

१९८४ साल. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी सातवीत, धाकटा भाऊ चौथीत. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत तो पहिला आला. बक्षीस म्हणून त्याला एक वही मिळाली. पण त्याला हवं होतं पदक, गळ्यात घालायचं, चमचमणारं. दोन दिवस तो उदास होता. मी म्हटलं, "थांब, मी तुला पदक करून देतो. बादलीवर आहेत तशा फुलांचं."

त्या वयात आपल्याला सगळं येतं असं वाटत असतं. बाबांच्या बॅटरीचे संपलेले सेल आम्ही पोरं जमवत असू. सेल फोडला की आत काळा भुगा, मधोमध कोळशाची कांडी आणि बाहेर एका मऊ, राखाडी धातूचं नळकांडं. ते जस्ताचं असतं हे मला विज्ञानाच्या पुस्तकातून कळलं होतं. बादलीच्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो, हेही त्याच पुस्तकात होतं. मग काय! जस्त वितळवायचं, साच्यात ओतायचं, की झालं फुलांचं पदक.

आई-बाबा घरी नव्हते, आजी शेजारी गेली होती. आम्ही मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. नळकांड्यांचे तुकडे एका जुन्या लोखंडी पळीत घातले आणि फुंकणीने फुंकून निखारे लाल केले. बऱ्याच वेळाने तुकडे खचले आणि पळीत आरशासारखं चकचकीत पाणी तयार झालं. तसं चकचकीत काही मी तोवर पाहिलं नव्हतं. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या जरा आधीच वितळतं. उकळतं पाणी १०० अंशांवर असतं, त्यावरून काय ते समजा.

साचा मी मातीचा केला होता. चिकणमातीत वाटीचं बूड दाबून गोल खळगा केला होता. माती ओली होती. सगळी चूक इथेच होती.

मी पळी तिरपी केली. धाकटा अगदी जवळ उकिडवा बसला होता, कारण पदक त्याचं होतं. धातू खळग्यात पडला आणि फट्‌ असा आवाज झाला. ओल्या मातीतलं पाणी एका क्षणात वाफ झालं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. वर धातू, खाली वाफ. तिला वाट कुठे मिळणार? तिने धातूच उडवला. चमकते थेंब चारी बाजूंना उडाले आणि त्यातले काही धाकट्याच्या उजव्या पायावर पडले.

त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मी त्याचा पाय बादलीत घातला, पाणी ओतत राहिलो. एवढं एक बरोबर केलं. पण त्यानंतर चुकलो. पळी आणि साच्यातला गोळा मी तणसाच्या ढिगात लपवला, चूल मोडली आणि धाकट्याला म्हणालो, "गरम पेज सांडली म्हणून सांग." तो रडत रडत हो म्हणाला. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता!

सगळ्यांनी पेज सांडली हेच खरं मानलं. भाजल्यावर लावायचं मलम आणलं, पट्टी बांधली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पाय सुजला, पू झाला, ताप चढला. आई म्हणत होती, "पेजेनं एवढं कसं झालं?" मी कोपऱ्यात बसून होतो. बोलायचं ठरवायचो आणि तोंड उघडायचो नाही.

संध्याकाळी बाबा गुरांना तणस घालायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात पळी होती, दुसऱ्या हातात तो गोळा. मला वाटलं, आता मार पडणार. पण बाबा कंदिलाजवळ बसले, गोळा उलटा केला आणि बोटाने दाखवत म्हणाले, "हे बुडाशी फोडं पाहा. आतून वाफ आली तेव्हाच असे फोडं येते. ओल्या मातीत ओतलं ना तू?" मग कडेला चिकटलेले बारीक गोल मणी दाखवले. "हे उडाले ते थेंब. असाच एखादा त्याच्या पायात असन." ते एवढंच बोलले. जन्म दगड वाचण्यात गेला होता, त्यांनी धातूही वाचला.

मी सगळं सांगितलं. त्याच रात्री धाकट्याला तुमसरला दवाखान्यात नेलं. जखमेतून मसुराच्या दाण्याएवढा जस्ताचा थेंब निघाला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी खरं कळलं असतं तर इतकं वाढलं नसतं. तो महिना-दीड महिना लंगडत होता. त्या वर्षी तालुक्याला धावायला जायचं राहून गेलं.

बाबांनी मला मारलं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. काही दिवसांनी त्यांनी तो गोळा दगडावर ठेवून हातोड्याने फोडला. मला वाटलं होतं की धातू आहे, चेपेल. पण तो खडीसाखरेसारखा फुटला! फुटलेल्या अंगाला चकचकीत पैलू होते. कडेपासून मधल्या भागाकडे गेलेल्या, लांबट, एकमेकांना खेटून उभ्या अशा चमकत्या काड्या. बाबा म्हणाले, "दगडासारखाच हाय की. याच्यातही कणी हाय." पळीत उरलेल्या जस्तावर मात्र नेचाच्या पानासारखी नक्षी उमटली होती. बादलीवरची फुलं! ती मी काढली नव्हती, कोणीच काढली नव्हती. पण ती कशी उमटली, हे बाबांनाही सांगता येईना.

पहिलं अर्धं उत्तर आजीने दिलं. धाकटा पडून होता त्या दिवसांत आजीने लोणी कढवून तूप केलं. थंडीचे दिवस होते. तूप गार कधी होतं म्हणून मी सारखा चमचा घालून ढवळत होतो. आजी ओरडली, "काऊन रे, काय करून राहिला? ठेव तो चमचा! घाई करशील तर तुपाचं मेण होईल. थिजू दे त्याले आपल्या मनानं. ते कणी धरून राहिलं."

मग तिने मला दोन वाट्या दाखवल्या. एक वाटी मी आधी हट्टाने गार पाण्यात ठेवली होती. तिच्यातलं तूप गुळगुळीत, मलमासारखं झालं होतं. दुसरी आजीने विझत्या चुलीजवळ फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आणि तिच्यात जुन्या रवाळ तुपाचं एक बोटही फिरवलं होतं, दुधाला विरजण लावतात तसं. तिच्यात रवे धरले होते, आणि रव्यांच्या मधे अजून पातळ सोनेरी तूप होतं. तूप तेच, भांडं तसंच. फरक थिजायला किती वेळ मिळाला याचा, आणि त्या बोटभर जुन्या तुपाचा. आजी तूप बघून सांगायची, "हे हलवलेलं हाय," "हे घाईचं हाय." तूप आपली हकीकत लपवत नव्हतं, माझ्या गोळ्यासारखंच!

उरलेलं उत्तर मिळायला सात-आठ वर्षं जावी लागली. बारावीनंतर मी नागपूरच्या विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेजात धातुशास्त्र शिकायला गेलो. (२००२ पासून या कॉलेजचं नाव व्हीएनआयटी आहे.) लोक विचारायचे, हा कसला विषय घेतला? मी काही सांगत नसे. मला त्या गोळ्याचं कोडं सोडवायचं होतं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, घरातले जवळजवळ सगळे धातू स्फटिकांचे बनलेले असतात. स्फटिक म्हटलं की आपल्याला हिरा किंवा तुरटी आठवते. पण तांब्याचा गडवा, पितळी घंटा, लोखंडी खिळा हेसुद्धा स्फटिकच, फक्त असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना चिकटलेले. वितळलेल्या धातूत अणू जत्रेतल्या गर्दीसारखे इकडेतिकडे पळत असतात. गार होताना ते रांगा धरून बसतात. कसे बसतात, हे बघायला बाजारात जावं.

संत्रीवाला संत्री रचतो ते बघा. पहिल्या थरात प्रत्येक संत्र्याला सहा शेजारी. दुसरा थर पहिल्याच्या खळग्यांत बसतो. आता तिसऱ्या थराला दोन वाटा असतात. एक तर तो बरोबर पहिल्या थराच्या डोक्यावर येईल, नाही तर उरलेल्या खळग्यांवर. जस्ताचे अणू ढोबळमानाने पहिल्या वाटेने जातात, त्यामुळे जस्ताची रचना षटकोनी. तांब्याचे दुसऱ्या वाटेने जातात, त्यामुळे तांब्याची घनाकृती. किती लहानसा फरक! पण ओतीव जस्त हातोड्याने फुटतं आणि तांबं ठोकून ठोकून त्याचा हंडा होतो, यामागे या फरकाचा मोठा हात आहे.

पण रांगा धरायला कोणीतरी पहिलं बसावं लागतं. साच्याची थंड भिंत, एखादा न वितळलेला कण, तिथे पहिले अणू बसतात. आजीच्या तुपातलं विरजण ते हेच. भराभर गार केलं की हजारो ठिकाणी एकदम बीज पडतं आणि बारीक बारीक स्फटिक होतात. सावकाश गार केलं की थोडीच बीजं पडतात आणि ती मोठी होतात. माझ्या गोळ्यात स्फटिक थंड कडेवर सुरू झाले आणि गरम मधल्या भागाकडे वाढत गेले. म्हणून त्या लांब काड्या. बादलीचा पत्रा सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. त्याच्यावरचा पातळ थर गार होताना इथे एक, तिथे एक बीज पडतं, पानासारखं पसरत जातं आणि शेजारचं पान भेटलं की थांबतं. प्रत्येक फूल म्हणजे एकेक स्फटिक! प्रत्येकाच्या अणूंच्या रांगा वेगळ्या दिशेला, म्हणून बादली फिरवली की चमक एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पूर्वी त्या जस्तात थोडं शिसं असायचं, त्याने फुलं मोठी होत. हल्ली शिसं कमी केलं आहे, म्हणून नव्या पत्र्यांवर फुलं बारीक असतात किंवा दिसतही नाहीत.

आमच्या भागातलंच उदाहरण देतो. धानाच्या बांध्या तुम्ही उंचावरून बघितल्या आहेत का? रोवणी झाल्यावर एका बांधीत रोपांच्या रांगा एका दिशेला, शेजारच्या बांधीत दुसऱ्या दिशेला. मधे धुरा. धुऱ्यावर ना इकडची रांग जुळते ना तिकडची. धातूचा आतला नकाशा हुबेहूब असाच असतो. बांध्या म्हणजे स्फटिक, आणि धुरे म्हणजे स्फटिकांच्या सीमा. हे धुरे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

मग एक दिवस प्रयोगशाळेत मला पितळाचा ओतीव तुकडा मिळाला. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा पितळ म्हणजे घरचंच माणूस. तुकडा पॉलिश पेपरवर घासला, मखमलीसारख्या कापडावर आरशागत चकचकीत केला आणि त्यावर सौम्य रसायन फिरवलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतच राहिलो. आत झाडं होती! खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, सगळ्या काटकोनात फुटलेल्या. अशा स्फटिकांना डेंड्राइट म्हणतात. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड.

झाडं का? पितळ हा मिश्रधातू, म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला थिजतो. मिश्रधातू बहुधा तसा थिजत नाही. ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्ताचं पितळ साधारण ९५५ अंशांना थिजू लागतं आणि ९१५च्या आसपास पूर्ण होतं. मधल्या काळात घट्ट आणि पातळ दोन्ही एकत्र, आजीच्या वाटीतल्या रव्यांसारखे. आधी थिजणाऱ्या भागात तांबं जास्त जातं. त्यामुळे त्याच्या अवतीभवतीच्या पातळ धातूत जस्त वाढतं, आणि जस्त वाढलं की तो भाग थिजायला आणखी गार व्हावा लागतो. म्हणजे स्फटिक स्वतःच स्वतःभोवती अडथळा उभा करतो. अशा वेळी त्याचा एखादा उंचवटा त्या अडथळ्याच्या पलीकडे डोकावला, तर त्याला ताजा, थिजायला तयार असलेला धातू मिळतो आणि तो पुढे धावतो. त्याच्या अंगावरच्या उंचवट्यांचंही तेच. अशा फांद्यांना फांद्या फुटत जातात, आणि शेवटचा, जस्त जास्त असलेला धातू फांद्यांच्या मधे थिजतो.

एरवी या फांद्या मागून थिजलेल्या धातूत गडप होतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण पोलादाचा फार मोठा ठोकळा आकसताना त्यात पोकळी राहते, पातळ धातू निघून जातो आणि झाड उघडं पडतं. चेर्नोव नावाच्या रशियन धातुशास्त्रज्ञांच्या संग्रहातलं असं एक पोलादी झाड प्रसिद्ध आहे. लांबी सुमारे ३९ सेंटीमीटर! शंभर टनांच्या ठोकळ्यात ते वाढलं होतं.

आता धुऱ्यांकडे येऊ. शेतातला कचरा आपण कुठे टाकतो? धुऱ्यावर. थिजणारा धातूही तेच करतो. जे त्याच्या रांगांत बसत नाही ते तो बाहेर ढकलतो, आणि ते शेवटी सीमांवर साचतं. लोखंडात कोळशातून थोडं गंधक येतं. ते लोखंडाशी संयोग पावतं आणि अगदी शेवटी, सुमारे ९८८ अंशांना, स्फटिकांच्या सीमांवर पातळ पापुद्र्यासारखं थिजतं. पुढे असं पोलाद लाटायला ११०० अंशांपेक्षा जास्त तापवलं की काय होणार? बाकी सगळं घट्ट, पण धुरे वितळलेले! लाटण्याखाली पोलादाला भेगा पडतात.

याचा उपाय म्हणजे मँगनीज. गंधकाला लोखंडापेक्षा मँगनीज जास्त आवडतं. पोलादात मँगनीज असलं की गंधक त्याला जाऊन चिकटतं, आणि हे संयुग १६०० अंशांच्याही वर वितळतं. ते पापुद्रा न होता सुटे मणी होऊन बसतं. धुरे मोकळे, पोलाद शाबूत. इंग्लंडमध्ये हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये पोलाद बनवण्याची झटपट रीत जाहीर केली, तेव्हा सुरुवातीला ते पोलाद ठोकताना तुटायचं. त्यावर मँगनीज असलेलं लोखंड मिसळण्याचा उपाय रॉबर्ट मशेट यांनी केला. आज रेल्वेच्या रुळात साधारण १ टक्का मँगनीज असतं.

हा धडा ज्या दिवशी वर्गात झाला त्या दिवशी माझं पुढच्या तासाला लक्ष लागलं नाही. बाबांचा दगड कुठे जातो ते मला कळलं होतं.

सुट्टीत घरी गेलो. सूक्ष्मदर्शकातून काढलेले पोलादाचे फोटो नेले होते. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांना बांध्या दाखवल्या, धुरे दाखवले, मधे साचणारं गंधक सांगितलं. मग म्हटलं, "बाबा, मँगनीज हे धुरे राखते. नसलं तर पोलाद फाटते. आपला दगड भट्टीत जाते, तिथं त्याचं फेरोमँगनीज होते आणि ते पोलादात जाते. डोंगरी बुजुर्गचा दगड सेलमधे जाते. तुमच्या बॅटरीतला काळा भुगा तो तोच."

बाबांनी फोटो बराच वेळ हातात धरला. आमच्या घरामागून मालगाडीचा आवाज येत होता. ते म्हणाले, "म्हणजे ह्या रुळातही आपलं असन?"

मी म्हटलं, "याच खाणीचं असेल असं नाही सांगता येणार. पण मँगनीज आहे."

"बस झालं," बाबा म्हणाले. आणि त्यांनी तो फोटो चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.

धाकट्यासाठीही मी एक वस्तू आणली होती. कॉलेजच्या ओतशाळेत, मास्तरांच्या देखरेखीखाली, कोरडा केलेल्या वाळूच्या साच्यात मी जस्ताची एक चकती ओतली होती. साचा सावकाश गार होऊ दिला. चकती घासली, सौम्य आम्लाने धुतली आणि तिच्यावर फुलं उमटली, आमच्या बादलीवर होती तशीच. वर एक भोक पाडून लाल फीत ओवली.

धाकट्याने पदक उजेडात फिरवून बघितलं. ते बघून झाल्यावर उलटं करून बूड बघितलं. "फोडं नाहीत," तो म्हणाला. "साचा कोरडा होता वाटते." मग पायजमा वर करून पायावरचा वण दाखवत म्हणाला, "हे पहिलं पदक, ते दुसरं." तो हसत होता. मला हसायला थोडा वेळ लागला. पेजेची गोष्ट मी त्याला सांगायला लावली होती, त्याबद्दल माफी मात्र मी त्या दिवशी प्रथमच मागितली.

मित्रांनो, धातू वितळवणं हे घरात करायचं काम नाही. सेलही फोडायचे नाहीत, आतली रसायनं घातक असतात. पण स्फटिक कसे धरतात ते तुम्हाला बघायचं असेल तर आजीचा प्रयोग करा. आईला विचारून तिच्याकडून पातळ केलेलं तूप दोन वाट्यांत घ्या. एक वाटी गार पाण्यात ठेवा. दुसरी फडक्यात गुंडाळून उबदार कोपऱ्यात ठेवा, तिच्यात रवाळ तुपाचा एक कण टाका आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी दोन्ही भिंगातून बघा. दुसऱ्या वाटीत रव्यांच्या मधे पातळ तूप दिसतं का, तेही बघा. दिसलं तर मिश्रधातू कसा थिजतो याचा अर्धा धडा तुम्ही शिकलात.

आणि हो, ते तूप वाया घालवू नका. गरम भातावर घ्या. आमच्याकडच्या नव्या तांदळाच्या भातावर रवाळ तूप कसं लागतं, ते मात्र कुठल्याच सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.